तांबड्याला जागा हवी

हुमनाबाद,
कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १८५८

सोजराआक्का,

साष्टांग नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार घ्या. पत्र सत्यभामेचं आहे म्हटल्यावर तुम्ही ग्यानबा मास्तरांना फाडून टाका म्हणाल. तेव्हा मास्तर, तुम्हालाच आधी सांगते. पुढचं सगळं वाचल्याशिवाय थांबू नका आणि मधलं काही गाळू नका. आक्कांना वाचता येत नाही म्हणून तुम्ही गोड तेवढं वाचून दाखवता, हे साऱ्या दुबलगुंडीला ठाऊक आहे.

मी समेट करायला लिहीत नाही. तुमचे भाऊ, माझे मालक, गेले त्यांच्या दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर, माझ्या पायगुणानं माणूस गेला असं तुम्ही म्हणालात. ते मी विसरले नाही. त्या दिवसापासून मी तुमचा उंबरा ओलांडला नाही, आणि आज त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांत तुमच्या दारात उभी आहे, तीही माझ्यासाठी नाही. एका कुत्र्यासाठी. हसायचं असेल तर हसून घ्या, मग पुढचं ऐका.

ते गेल्यावर मी इथल्या पांजरपोळात काम धरलं, हे तुमच्या कानावर असेलच. आडतीच्या व्यापाऱ्यांनी मिळून चालवलेला मोठा गोठा आहे. थकलेल्या गाई, लंगडे बैल, एक आंधळी घोडी, ज्यांचं कोणी नाही अशी जनावरं. मी पेंड भिजवते, शेण काढते, कुत्र्यांना भाकरी करते. कारभार जगदेवप्पा बघतात. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारे, पायाखाली मुंगी आली तर हळहळणारे गृहस्थ आहेत.

आषाढात तिथं एक तांबडं कुत्रं आलं. पोत्यात घालून आणलं होतं. दारूच्या भट्टीवर राखणीला बांधलेलं, आणि बांधलेलं दोरीनं नव्हे, तारेनं. तार मानेच्या मांसात रुतली होती. जगदेवप्पांनी स्वतः चिमट्यानं काढली तेव्हा त्यांच्या अंगठ्याचा लचका गेला. तेव्हापासून ते पाण्याच्या दगडी डोणीखाली राहतं. समोर माणूस आला की मुततं. डोक्यावरून हात आला की चावतं, डोक्याला रुमाल बांधलेला गडी वाकला की चावतं, आणि पाठ फिरवली की मागून येऊन घोटा धरतं. पिसाळलेलं नाही. पिसाळलेलं असतं तर श्रावणातच मेलं असतं. ते फक्त भ्यालेलं आहे, आणि इतकं भ्यालेलं जनावर मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

मी त्याचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की माया लागते. सगळे तांबड्या म्हणतात, मीही तेच म्हणते.

पांजरपोळात रोज नवी माणसं येतात. वैरण घालायला येतात, पुण्य जोडायला येतात, आणि आले की जनावराच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांना पुण्य पोचल्यासारखं वाटत नाही. तिथं त्याचा निभाव लागणार नाही. तुमच्या आमराईला चारी बाजूंनी दगडी गडगा आहे, काट्याचं फाटक आहे, आंबे उतरवायचे दिवस सोडले तर गडीमाणूस फिरकत नाही. त्याला एका झाडाखाली पडू द्या. दुसरं काही मागत नाही.

सत्यभामा


हुमनाबाद,
कार्तिक वद्य एकादशी

आक्का,

तुमचा निरोप पोचला. मास्तरांनी जसाच्या तसा उतरवला, त्यांचे आभार. "कुत्र्यासाठी माझी आठवण झाली व्हय? माझी आमराई म्हंजी पांजरपोळ न्हाई." होय, कुत्र्यासाठीच झाली. माणसांसाठी आठवण काढावी असं आपल्या दोघींत काही उरलेलं नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर वाईट वाटलं. खोडलं असतं, पण कागदाची नासाडी होते.

तांबड्याचं सांगते. मी रोज भाकरीचा तुकडा डोणीपासून थोडा लांब ठेवून तिथंच बसत होते. बघायचं नाही, बोलायचं नाही, उठताना पाठ फिरवायची नाही, तसंच मागं मागं सरकत दारापर्यंत जायचं. बाकीच्या बाया म्हणायच्या, सत्यभामाबाई राणीच्या दरबारातून निघाल्यासारख्या निघतात. गेल्या सोमवारी त्यानं माझ्या हातातून तुकडा घेतला. दात लागू दिला नाही. ओठांनी घेतला, लहान मूल घेतं तसा. आक्का, मला पोर नाही. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले आणि धूर लागला म्हणून सांगितलं.

आणि परवा सगळं विस्कटलं. जगदेवप्पांचे व्याही वैरणीची गाडी घेऊन आले. डोणीत पाणी आहे का बघायला वाकले, डोक्याला भला मोठा रुमाल. तांबड्यानं मनगट फोडलं. त्यात गावात दवंडी झाली आहे. बडे साहेब दौऱ्यावर यायचे आहेत, त्याआधी बेवारशी आणि चावरी कुत्री कुचल्याचं विष घालून मारायची आहेत. ठाण्याचा शिपाई पांजरपोळाच्या दारापर्यंत येऊन विचारून गेला.

जगदेवप्पा मला म्हणाले, "सत्यभामाबाई, मला हे पाप नको. पण याला ठेवून बी घेता येत न्हाई. लोक गायीला वैरण घालायला भ्यायलेत. मार्गशीर्ष सरायच्या आत कुठंतरी लावून द्या." त्यांच्यावर राग धरायला मला काही जागा सापडली नाही, त्याचाच जास्त राग आला.

हणमंतप्पा कुरुबर त्याला न्यायला तयार आहे. त्याची मेंढरं पुढच्या महिन्यात याच वाटेनं जायची आहेत. पण तो कुत्र्यांच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतो, आणि तांबड्याच्या मानेला बोट लागलं तरी तो थरथरतो. त्यापेक्षा माझ्या मनात दुसरं आलं आहे. भालकीच्या वाटेवर माळावरच्या मैलाराचं देऊळ आहे ना, तुम्ही लहानपणी तुमच्या भावाला कडेवर घेऊन गेला होतात ते. कुत्रं म्हणजे मैलाराचं जनावर. तिथं कुत्र्यावर काठी उगारली तर माणसं त्या माणसालाच धरतात. तिथले गोरवय्या, म्हणजे आपले वाघ्येच की, स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात. तांबड्याला देवाला सोडते. जिथं माणसंच कुत्री होतात तिथं या कुत्र्याला कशाचं भय?

तुमच्या होकाराची आता गरज पडणार नाही. तरी कळवलं.

सत्यभामा


हुमनाबाद,
मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा

आक्का,

मला सांगायला दुसरं माणूस नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकलंही असेल. माझी गाडी घरी पोचायच्या आत बातमी इथल्या बाजारात पोचली होती, तर दुबलगुंडीलाही गेलीच असणार. लोकांचं ऐकलंत तसं माझंही ऐका.

जत्रेची गर्दी ओसरू दिली आणि नंतरच्या रविवारी गेले. तांबड्याला वैरणीच्या हाऱ्यात घालून, वर घोंगडं टाकून नेलं. वाटेत त्याला माझ्या हातचं पाणी पाजलं. देवळात मोजकीच माणसं होती. मी प्रत्येकाच्या पाया पडले म्हटलं तरी चालेल. बाबांनो, एवढा वेळ रुमाल काढून ठेवा, पटके काढा, हात वर करू नका. सगळ्यांनी ऐकलं. पुजाऱ्यानंही पटका काढून मांडीवर ठेवला. कोणाला हसू आलं नाही, आक्का. माणसं चांगली होती. 

तिथला गोरवय्या ईरण्णा म्हणून म्हातारा आहे. कुत्रं देवाला सोडायचं म्हणजे गोरवय्यानं त्याच्याबरोबर एका ताटात जेवायचं, ही तिथली रीत. एकदा जेवला की ते त्याचं भावंड झालं, मग त्याला आयुष्यभर कोणी हाकलायचं नाही. ताटात दूध-भाकरी कालवली. मी तांबड्याला हाऱ्यातून काढून ताटाशी बसवलं. तो थरथरत होता, पण खायला लागला. एवढ्या माणसांसमोर खायला लागला. मी देवाकडं बघितलं आणि मनात म्हटलं, घे बाबा, पदरात घे.

मग ईरण्णा अंगावर काळं घोंगडं, डोक्यावर अस्वलाच्या केसांची ती त्यांची उंच टोपी घालून आला, हातापायांवर झाला, आणि भुंकत ताटाकडं आला.

आक्का, मी देवळातल्या साऱ्यांचे रुमाल काढायला लावले. गोरवय्याच्या टोपीला टोपी म्हणायचं मला सुचलंच नाही. कसं सुचणार? ती देवाची. लहानपणापासून आपण तिला हात जोडत आलो. कुत्र्याला काय ठाऊक देवाची टोपी कुठली आणि भट्टीवाल्याचा रुमाल कुठला. त्याला एवढंच दिसलं की डोक्याला काहीतरी बांधलेला माणूस आपल्या तोंडाशी वाकतोय.

त्यानं ईरण्णाचा गाल धरला. सोडता सोडेना. रक्त ताटातल्या दुधात पडलं, तिथल्या भंडाऱ्यावर पडलं. मी मधे हात घातला तेव्हा सुटला, आणि सुटल्यावर माझ्याच पदराखाली घुसला.

ईरण्णा गालाला भंडारा दाबून बसला आणि म्हणाला, "माझं काय न्हाई, माय. मीच त्याच्या ताटात तोंड घातलं. कुत्र्यानं कुत्र्यावानी केलं." पण त्याचं ऐकायला कोणी थांबलं नाही. पुजारी उठला, पटका डोक्याला बांधला आणि म्हणाला, मैलारानं हे जनावर घेतलं न्हाई. देवानं झिडकारलं. सगळी माणसं मागं सरली. रागावली नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, नुसती मागं सरली. एका बाईनं आपल्या लेकराचे डोळे झाकले.

काल तांबड्या नुसता चावरा होता. आज तो देवानं नाकारलेला आहे, आणि ते मी केलं. हणमंतप्पा काल दारात येऊन गेला. आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला, मेंढरं देवाची आहेत, बाई, मला न्हाई नेता येत. हा माणूस एरवी हसल्याशिवाय बोलत नाही.

आता माझ्यापाशी तुमच्याशिवाय कोणी नाही. तुमचंही कुळदैवत मैलार, हे मला माहीत आहे. तरी विचारते.

सत्यभामा


हुमनाबाद,
मार्गशीर्ष वद्य दशमी

आक्का,

तुम्ही साखळी पाठवलीत. बाजारच्या गाडीवानानं आणून दिली आणि तुमचा निरोप सांगितला: "घेऊन ये म्हणावं. देवाचं मी बघून घेईन. पण दिराची लेकरं आमराईत खेळतात, तवा बांधल्याबिगर ठेवणार न्हाई." गाडीवान गेल्यावर मी कितीतरी वेळ दारातच बसून राहिले. देवाचं मी बघून घेईन, असं म्हणणारं माणूस या मुलखात तुम्हीच निघालात. पोटात एवढं असताना त्या दहाव्याला तुम्ही तसं कामून बोललात, हे मला कधी कळायचं नाही. पण आज राग आला नाही.

लेकरांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मीही तेच म्हटलं असतं.

साखळी लावून बघितली. मऊ धडुती गुंडाळून लावली. माझ्या हातानं लावली म्हणून त्यानं लावू दिली, माझ्याकडं बघत होता. कडी अडकली आणि तिचा आवाज झाला, तसा तो जी किंकाळी मारून पडला ती ऐकून आंधळी घोडी गोठ्यात उधळली. मग साखळीच चावू लागला. तोंडातून रक्त आलं, पुढचा दात तुटला, तरी थांबेना. जगदेवप्पा म्हणाले, सवय होईल. मी दिवस कलेपर्यंत वाट पाहिली. सवय झाली नाही, तो नुसता निपचित पडला, डोळे उघडे ठेवून. काढली तेव्हा डोणीखाली गेला आणि दोन दिवस माझ्या हातचंही खाल्लं नाही.

माळावर नेऊन सोडूनही बघितलं. माझ्यामागं गाडीला धरून परत आला. वाटेत वस्तीवरच्या पोरींनी ओळखून दगड मारले. मैलारानं झिडकारलेला तो हाच, असं एकमेकींना सांगत होत्या.

आज ठाण्याचा शिपाई आला. गूळ लावून कुचल्याच्या गोळ्या आणल्या होत्या. बाकीची गल्लीतली कुत्री त्यांनी आधीच संपवली आहेत, वेशीबाहेर ढीग आहे. तांबड्यानं त्याच्या गोळीकडं पाहिलंही नाही. शिपाई काठी आणायला निघाला तेव्हा जगदेवप्पा आडवे झाले, पांजरपोळात काठीनं मारू देणार नाही म्हणाले. मग शिपाई माझ्याकडं वळला. तरणा पोरगाच आहे, बोलणं मऊ. म्हणाला, "अम्मा, तुमच्या हातचं खातंय म्हणायलेत सगळे. मग तुम्हीच द्या न. न्हाईतर उद्या भाले घेऊन चौघं येतील."

कुचल्याची पुडी माझ्यापाशी ठेवून गेला. लगेच संपतं म्हणाला, कळतसुद्धा नाही म्हणाला.

आक्का, मी काय करू हे विचारायला लिहीत नाही. पत्र तुमच्यापर्यंत जाईतो व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. कोणाला तरी ठाऊक असावं म्हणून लिहिते.

सत्यभामा


हुमनाबाद,
पौष शुद्ध तृतीया

आक्का,

झालं.

मलिदा केला. गूळ भरपूर घातला, कडू लागू नये म्हणून. त्यानं गूळ कधी खाल्ला नव्हता. सकाळचं कोवळं ऊन होतं, गाई चरायला सोडल्या होत्या, पांजरपोळात मी आणि तो. डोणीशी बसले. तो सरपटत आला. गेले काही दिवस रुसलेला होता, त्या दिवशी गुळाच्या वासानं आला की माझ्यासाठी आला, देव जाणे. ओठांनीच घेतलं. दात लागू दिला नाही. पहिला घास खाऊन त्यानं माझा तळहात चाटला, हे त्यानं आधी कधी केलं नव्हतं. मी दुसरा घास दिला. हात मागं घेता आला असता. घेतला नाही. भाले घेऊन चौघं येणार, हे एवढं एकच डोक्यात होतं.

शिपाई खोटं बोलला. लगेच संपत नाही, आणि कळतं. सगळं कळतं. अंग धनुष्यासारखं ताणलं जातं, आणि डोळे शेवटपर्यंत माणसाला ओळखत असतात. त्याला बाहेरून कोणी काही केलं नव्हतं, कोणी वाकलं नव्हतं, कोणी हात उगारला नव्हता. जे झालं ते माझ्या हातातून आलं, हे त्याला कळलं का, हाच एक विचार मी रोज करते. कळलं असेल तर कळल्यावरही तो मला चावला नाही. नसेल कळलं, तर तो मदतीसाठी माझ्याकडं बघत होता. यातलं कुठलं बरं, तुम्ही सांगा. मला कुठलंच पेलत नाही.

सारे महिने मी त्याला एवढंच शिकवलं, की या हातातून येईल ते भिऊ नको, खा. मी त्याला भित्राच राहू दिला असता तर कुचला त्याच्या पोटात गेलाच नसता. डोणीखालून त्याला बाहेर काढलं ते मीच.

बाभळीखाली पुरला. जगदेवप्पांनी मीठ आणि विभूती दिली, दोन फावडी माती स्वतः ओढली. त्यांचे डोळे भरले होते. मला म्हणाले, तुम्ही त्याची सुटका केली, पुण्य लागेल. त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की हा माणूस बिचारा काही खोटं बोलत नाही.

इथवर असतं तर कदाचित मी गप्प बसून राहिले असते. पण परवा तो शिपाई पुन्हा आला. बसायला पाट दिला, पाणी दिलं. पलीकडच्या वेशीजवळ दोन कुत्री आहेत म्हणे, एक मादी आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू. फार बुजरी आहेत. कोणाच्या हातचं घेत नाहीत, गोळ्या हुंगून सोडून देतात. तर अम्मा, तुम्ही थोडे दिवस रोज तिकडं येऊन त्यांना भाकरी घाला. लळा लावा. मग एक दिवस तुमच्याच हातानं. "तुमच्या हाताला गुण हाय म्हणायलेत साहेब," असं म्हणाला, आणि खरोखर माझं कौतुक करतोय अशा डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिला.

जगदेवप्पा शेजारीच उभे होते. ते गाईंकडं बघत राहिले.

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, विचार करा, चार दिवसांनी येतो. मला आधी कोणी वाईट म्हटलं तर मी चारचौघांत भांडायची, आता गावात बाया मला बघून चांगलं बोलतात आणि मला पळून जावंसं वाटतं. रस्त्यातली कुत्री शेपटी हलवत जवळ आली की मी हात पाठीमागं लपवते.

आक्का, माझी जागा करता का तुमच्या आमराईत? तिथलं राखणीचं खोपटं पडकं असलं तरी मी लिंपून घेईन. तुम्हाला माझ्याशी बोलावं लागणार नाही. पाला झाडीन, पाणी शेंदीन, लेकरांनी फाटक उघडं टाकलं तर लावीन, राखणीला रात्री जागीन. काय सांगाल ते करीन. फक्त लेकराला असो की जनावराला, कोणाला हातानं खाऊ घालायचं काम मला सांगू नका.

सत्यभामा